एक्स-रे टेक्निशियन व्हायचंय? फी भरण्याआधी मशीन कुठे आहे ते विचारा

शहापूर : बारावीचा निकाल लागला की आपल्या तालुक्यात दोन गोष्टी एकदमच येतात. एक पेरणीची घाई आणि दुसरी क्लासवाल्यांची पत्रकं. एसटी स्टँडच्या भिंतीवर, आसनगाव स्टेशनच्या पुलावर, रिक्षाच्या मागे, सगळीकडे तेच. ‘एक वर्षात रेडिओलॉजी टेक्निशियन, १०० टक्के नोकरी.’ असंच एक पत्रक आमच्या घरीही आलं. पुतणी बारावी सायन्स झालेली, बायोलॉजी घेतलेलं. नर्सिंग नको, डी.एड. नको, एक्स-रेचा कोर्स करायचा म्हणाली. वहिनींनी पत्रक माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, भाऊजी, तुम्ही बातम्या लिहिता, हे खरं का खोटं ते बघून या.

म्हणून भाताची पेरणी उरकून मी आणि पुतणी दोन दिवस मुंबईच्या उपनगरांत फिरलो. तिथं जे बघितलं आणि घरी येऊन जे कागद वाचले, ते इथं लिहितोय. शहापूर-मुरबाडची मुलं मुलुंड-घाटकोपरकडे जातात, वाडा-विक्रमगडची बोरिवली-अंधेरीकडे. दोन्हीकडचा प्रश्न एकच आहे.

पत्रकावरचा पत्ता एका स्टेशनपासून पाच मिनिटांवर होता. नाव देत नाही, कारण अशी जागा एकच नाही. दुसरा मजला, दोन खोल्या, एक प्रोजेक्टर आणि कोपऱ्यात प्लास्टिकचा सांगाडा. काउंटरवरच्या मॅडम गोड बोलल्या. आज पाच हजार भरले तर सवलत, उद्या आलात तर पूर्ण फी. मी विचारलं, एक्स-रे मशीन कुठंय? म्हणाल्या, प्रॅक्टिकल आमच्या टाय-अप हॉस्पिटलमध्ये होतं. कोणतं हॉस्पिटल? ते नंतर कळवतात. हॉस्पिटलबरोबर केलेल्या कराराची प्रत बघायला मिळेल का? त्यावर त्यांनी सरांना फोन लावला, सर मीटिंगमध्ये होते. सर्टिफिकेटवर कुणाचा शिक्का असतो विचारलं तर भिंतीवरची फ्रेम दाखवली. त्यात ‘नॅशनल’ होतं, ‘कौन्सिल’ होतं, अशोकस्तंभासारखं काहीतरी चित्रही होतं. सरकारचं मात्र कुठलंच खातं त्यात नव्हतं.

आमच्या शेजारच्या गावातला एक मुलगा असाच एक वर्षाचा कोर्स करून आला होता. आज तो एका डायग्नोस्टिक सेंटरमध्ये रिपोर्टचे लिफाफे भरतो आणि पेशंटची नावं पुकारतो. मशीनच्या खोलीत त्याला कुणी घेत नाही. मुलगा हुशार आहे. वडिलांनी बैलजोडी विकून फी भरली होती.

हे काम म्हणजे नुसतं बटण दाबणं नाही

गावाकडं समज असा, की एक्स-रेवाला बटण दाबतो आणि फोटो निघतो. तसं असतं तर एक वर्ष कशाला, एक आठवडा पुरला असता. उपनगरातल्या एका मोठ्या रुग्णालयातल्या तंत्रज्ञाशी ओळखीतून भेट झाली. चहा पिता पिता त्यांनी पुतणीला साधा छातीचा एक्स-रे कसा काढतात ते समजावलं. पेशंटला उभं करायचं, छाती प्लेटला टेकवायची, नळी पाठीमागून साधारण सहा फुटांवर. खांदे पुढं ढकलायचे म्हणजे पाठीच्या फऱ्यांची सावली फुप्फुसावर येत नाही. मोठा श्वास घेऊन धरायला सांगायचं. अंगाच्या जाडीप्रमाणे किती केव्ही आणि किती एमएएस द्यायचं ते ठरवायचं. किरणांची खिडकी हवी तेवढीच उघडायची. डावा-उजवा दाखवणारी खूण प्लेटवर लावायची. ही खूण चुकली तर डॉक्टर उलटी बाजू तपासणार. आणि फोटो बिघडला तर परत काढायचा, म्हणजे पेशंटच्या अंगात दुप्पट किरण.

हे सगळं दमेकऱ्याला धाप लागलेली असताना करायचं. मांडीचं हाड मोडलेल्या आजीला जास्त न हलवता करायचं. रात्री अडीच वाजता अपघाताची केस आली की करायचं. वॉर्डात पोर्टेबल मशीन घेऊन जायचं, ऑपरेशन चालू असताना सी-आर्म सांभाळायचा. पुस्तक वाचून आणि प्रोजेक्टरवर बघून हे हाताला येत नाही. नांगर धरायला शिकवणारं पुस्तक कुणी बघितलंय का?

पुढं सीटी स्कॅन, एमआरआय, मॅमोग्राफी असे विभाग येतात. एमआरआयमध्ये किरणोत्सर्ग नसतो, तिथं चुंबक असतं, आणि ते पेशंट नसतानाही चालूच असतं. २७ जानेवारी २०१८ ला मुंबईच्या नायर रुग्णालयात नातेवाईक म्हणून आलेला एक तरुण ऑक्सिजनचं सिलिंडर हातात घेऊन एमआरआयच्या खोलीत गेला, चुंबकानं सिलिंडरसकट त्याला ओढलं आणि त्याचा जीव गेला. त्या दारातून लोखंड आत जाऊ न देणं हे तिथल्या कर्मचाऱ्यांचं पहिलं काम. अर्ध्या शिक्षणावर अशा दारात उभं राहणं पेशंटला धोक्याचं आणि त्या पोरालाही धोक्याचं.

वहिनींची भीती

वहिनींना फीपेक्षा दुसरीच काळजी होती. गावात कुणीतरी सांगितलेलं, की हे काम करणाऱ्या मुलीला मूल होत नाही. ही भीती बऱ्याच घरात आहे, उघड कुणी बोलत नाही, म्हणून इथं जरा सविस्तर लिहितो.

एक्स-रेचे किरण बटण दाबल्यावर क्षणभरच निघतात. मशीन बंद म्हणजे किरण बंद, खोलीत काही साचून राहत नाही. बॅटरी विझवली की उजेड जातो, तसंच. तंत्रज्ञ त्या वेळी आडोशामागं किंवा वेगळ्या खोलीत असतो. अंतर दुप्पट केलं तर किरणांचा मारा चौथाईवर येतो. पेशंटजवळ थांबावंच लागलं तर शिशाचा एप्रन घालायचा.

आपल्या देशात हे सगळं बघणारी संस्था म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळ, ज्याला सगळे एईआरबी म्हणतात. ती १९८३ साली स्थापन झाली आणि तिचं कार्यालय मुंबईतच, अणुशक्तीनगरला आहे. किरणांचं काम करणाऱ्या माणसाला ५ वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्टच्या वर मात्रा मिळता कामा नये, अशी मर्यादा आहे. मिलिसिव्हर्ट हे अंगाला लागलेल्या किरणांचं माप. आकडा कळावा म्हणून सांगतो, माती, दगड, हवा, आकाश यांतून जगातल्या माणसाला सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट दर वर्षी आपोआपच मिळतात. छातीच्या एका एक्स-रेची मात्रा त्याच्यापुढं अगदी किरकोळ असते. बाई गरोदर असेल तर तिनं वरिष्ठांना कळवायचं. त्यानंतर बाळापुरती मर्यादा १ मिलिसिव्हर्टची आणि तिचं काम त्या बेतानं बदलून द्यायचं असतं. १८ वर्षांखालच्या मुलाला कामगार म्हणून किरणांच्या कामावर लावता येत नाही.

अंगाला किती किरण लागले हे मोजायला प्रत्येकाच्या छातीवर एक छोटा बिल्ला असतो. त्याला टीएलडी बॅज म्हणतात. एप्रन घातला तर बिल्ला एप्रनच्या आत. दर तीन महिन्यांनी तो तपासणीला जातो आणि त्या माणसाच्या नावावर आकडा नोंदला जातो.

म्हणजे नियम पाळणाऱ्या ठिकाणी भीतीचं कारण नाही. नियम न पाळणाऱ्या ठिकाणी मात्र वहिनींचं म्हणणं हसण्यावारी नेता येणार नाही. बिल्ला नाही, एप्रनला भेगा, दार उघडं ठेवून एक्स-रे, अशीही सेंटरं असतात. म्हणून मला वाटतं, कोर्स निवडताना विचारायचा सगळ्यात कामाचा प्रश्न हाच : ट्रेनिंगच्या वेळी विद्यार्थ्याला टीएलडी बॅज मिळतो का? जिथं खरोखर मशीनवर शिकवतात, तिथं लगेच उत्तर येतं. त्या दोन खोल्यांमधल्या मॅडमना बॅज म्हणजे कॉलेजचं ओळखपत्र वाटलं.

त्याला जोडून दुसरा प्रश्न. एक्स-रे आणि सीटी मशीन चालवायला एईआरबीचा परवाना किंवा नोंदणी लागते. ई-लोरा नावाच्या ऑनलाइन प्रणालीतून ती होते. ज्या हॉस्पिटलात प्रॅक्टिकल होणार त्याच्याकडं हा कागद आहे का, हे विचारायला लाजू नका. मशीनवर काम करणाऱ्या तंत्रज्ञाकडं काय शिक्षण हवं, हेही एईआरबीनं ठरवून दिलंय. बारावी विज्ञान आणि त्यावर मान्यताप्राप्त संस्थेचा रेडिओग्राफीचा कोर्स, ज्यात प्रत्यक्ष रुग्णालयातलं काम धरलेलं आहे. त्या दोन खोल्यांचा कोर्स इथंच गळतो.

मग शिकायचं कुठं

चांगला आणि सरळ रस्ता म्हणजे पदवी. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची बी.पी.एम.टी. ही पदवी आहे, म्हणजे बॅचलर ऑफ पॅरामेडिकल टेक्नॉलॉजी. तीन वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी पाहिजे. पहिल्या वर्षी शरीररचना वगैरे विषय साधारण सगळ्यांना सारखे असतात, पुढं शाखा वेगळ्या होतात. रेडिओग्राफी ही त्यातली एक शाखा. लॅब, ऑपरेशन थिएटर, कॅथलॅब, रेडिओथेरपी अशा बाकीच्याही आहेत. इथं एक घोळ होतो. बी.पी.एम.टी.ला प्रवेश मिळाला म्हणजे रेडिओग्राफीच मिळाली असं नाही. कोणत्या कॉलेजात कोणती शाखा आणि किती जागा हे विद्यापीठाच्या संकेतस्थळावर बघून, मग कॉलेजात तोंडी विचारून खात्री करा. रेडिओथेरपी हा शब्द कानाला सारखा वाटतो पण काम वेगळं. ती कॅन्सरवर किरणांनी उपचार करायची शाखा.

वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेल्या ठिकाणी शिकण्याचा फायदा सांगायला नको. सायन, केईएम, नायर, जेजे किंवा पश्चिम उपनगरातलं विलेपार्ल्याचं कूपर, इथं दिवसभरात जेवढे पेशंट येतात तेवढे छोट्या सेंटरला महिन्यात येत नाहीत. हात तिथं बसतो. मात्र प्रवेश मिळणं अवघड, मेरिट वर जातं. आपल्या मुलांनी फक्त मुंबईचाच हट्ट न धरता राज्यातली बाकीची कॉलेजंही यादीत ठेवावीत असं माझं मत.

दुसरा रस्ता डिप्लोमा आणि आयटीआयचा. केंद्राच्या कौशल्य खात्याच्या आयटीआय ट्रेडमध्ये रेडिओलॉजी टेक्निशियन हा दोन वर्षांचा ट्रेड आहे. राज्याचं कौशल्य, व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण मंडळ आहे, तेही पॅरामेडिकल गटातले कोर्स चालवतं. या मंडळाची मान्यता आहे असं सांगणाऱ्या खासगी संस्था उपनगरांत जागोजागी आहेत. काही खरंच चांगल्या आहेत, सगळ्यांना एकाच मापानं मोजणं बरोबर नाही. पण मान्यता संस्थेला आहे का त्या कोर्सला आहे, आणि चालू वर्षाची आहे का, हे तपासावं लागतं. संस्थेचा कोड क्रमांक मागा आणि मंडळाकडून पडताळून घ्या. पाच वर्षांपूर्वीचं मान्यतापत्र लॅमिनेट करून भिंतीला लावलेलं असतं, त्याचा उपयोग नाही.

तिसरी गोष्ट नवीन आहे आणि ती बऱ्याच पालकांना माहीत नाही. २०२१ साली संसदेनं अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्सचा राष्ट्रीय आयोग नेमणारा कायदा केला. डॉक्टर आणि नर्स सोडून जे बाकीचे तंत्रज्ञ, त्यांच्यासाठी हा कायदा. रेडिओलॉजी आणि इमेजिंग हा त्यातला एक गट. कायद्यातली व्याख्या वाचली तर अलाइड हेल्थ प्रोफेशनलचं शिक्षण डिप्लोमा असो वा पदवी, किमान २,००० तासांचं आणि २ ते ४ वर्षांत विभागलेलं पाहिजे. आता ‘सहा महिन्यांत टेक्निशियन’ या पत्रकाचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा. पुढं नोकरीसाठी राज्याच्या परिषदेकडं नोंदणी लागणार, तेव्हा हाच हिशोब पुढं येईल. २०२५ मध्ये केंद्रानं या गटाच्या पदव्यांचे नवे अभ्यासक्रमही जाहीर केलेत. म्हणून कॉलेजात विचारून ठेवा, यंदाची बॅच जुन्या अभ्यासक्रमाची का नव्या?

आणि घरबसल्या किंवा डिस्टन्सनं रेडिओलॉजी शिकवतो म्हणणाऱ्याला तर दारातच उभं करू नका. या कायद्याखाली येणारे आरोग्याचे कोर्स ऑनलाइन किंवा दूरशिक्षणानं चालवायचे नाहीत, असं यूजीसीनं २०२५ मध्ये विद्यापीठांना कळवलंय.

सोनोग्राफीचं आमिष

पत्रकात एक्स-रे, सीटी, एमआरआयच्या बरोबर ‘सोनोग्राफी टेक्निशियन’ असंही छापलेलं असतं, विशेष करून मुलींसाठी. हे वेगळं सांगायला हवं. सोनोग्राफीत किरण नसतात, म्हणून एईआरबीचा संबंध नाही. पण गर्भलिंग निदानाला बंदी घालणारा १९९४ चा पीसीपीएनडीटी कायदा आहे. त्यानुसार सोनोग्राफी करणारा माणूस पात्र डॉक्टरच लागतो आणि सेंटरची नोंदणी लागते. टेक्निशियननं स्वतः पोटाची सोनोग्राफी करायची हे आपल्याकडं चालत नाही. परदेशात चालतं, म्हणून इंटरनेटवर तसे व्हिडिओ दिसतात. इथं त्या कोर्सवर पैसे घालून पोरगी शेवटी रिसेप्शनला बसते, नाहीतर कायद्याच्या कचाट्यात सापडते.

अमेरिकेतले तीन आकडे

आमच्या गावातलं एक कुटुंब अमेरिकेत असतं. त्यांच्या मुलीनं तिकडं हाच कोर्स केला म्हणून फोनवर विचारपूस केली. तिकडं कम्युनिटी कॉलेज नावाची स्थानिक, कमी फीची कॉलेजं असतात, दोन वर्षांच्या पदवीची. रेडिओग्राफीचे बरेच कोर्स तिथंच चालतात. कोर्सला मान्यता देणारी जेआरसीईआरटी नावाची संस्था आहे आणि पास झाल्यावर एआरआरटी या दुसऱ्या संस्थेची परीक्षा असते. मला आवडलं ते पुढचं. जेआरसीईआरटीची मान्यता असलेल्या प्रत्येक कोर्सला तीन आकडे जाहीर करावे लागतात. किती मुलांनी कोर्स पूर्ण केला, किती जण परीक्षा पास झाले आणि किती जणांना नोकरी लागली. पालकांनी आधी ते आकडे बघायचे, मग कॉलेज ठरवायचं.

आपल्याकडं असं कुणी भिंतीवर लावत नाही. पण विचारायला पैसे पडत नाहीत. मागच्या बॅचला किती होते, किती पास झाले, कुठं कुठं लागले? नुसती टक्केवारी ऐकू नका, दोन जुन्या विद्यार्थ्यांशी बोलायला मागा. आम्ही एका ठिकाणी हे विचारलं, तिथल्या सरांनी लगेच मागच्या बॅचच्या एका मुलीला फोन लावून दिला. ती तेव्हा ड्यूटीवर होती, संध्याकाळी तिनं स्वतःहून परत फोन केला आणि पुतणीशी अर्धा तास बोलली. त्या संस्थेची जागा फार झकपक नव्हती. पण हॉस्पिटलबरोबरच्या कराराची प्रत त्यांनी मागताच काढून दाखवली.

नोकरीची जाहिरात आधी वाचा

आपण कोर्स करतो आणि मग नोकरी शोधतो. उलटं करून बघा. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या भरतीत ‘क्ष-किरण वैज्ञानिक अधिकारी’ आणि ‘क्ष-किरण सहायक’ अशी पदं निघतात. मुंबई महापालिकेचीही क्ष-किरण विभागाची पदं निघतात. मागच्या जाहिराती संकेतस्थळावर सापडतात. त्यात शैक्षणिक अर्हता या रकान्यात नेमकं काय लिहिलंय ते वाचा, छापून घ्या आणि कॉलेजात तो कागद पुढं ठेवून विचारा, तुमच्या सर्टिफिकेटवर हा अर्ज भरता येईल का? हे मला त्या तंत्रज्ञांनी सांगितलं आणि दोन दिवसांतला सगळ्यात शहाणा सल्ला हाच होता.

उपनगरांत काम नाही असं नाही. घाटकोपरला राजावाडी, मुलुंडला अग्रवाल, बोरिवलीला भगवती, कांदिवलीला शताब्दी ही पालिकेची रुग्णालयं आहेत. अंधेरीला कोकिळाबेन आणि होली स्पिरिट, मुलुंडला फोर्टिस अशी खासगी आहेत. त्याशिवाय गल्लोगल्ली डायग्नोस्टिक सेंटरं. पालिकेच्या काही रुग्णालयांत सीटी-एमआरआयचं काम खासगी कंपन्या बघतात, तिथं नोकरी म्हणजे कंत्राटी. मोठ्या हॉस्पिटलात पदवीवाल्याला आधी घेतात हे आम्हाला तिघांनी सांगितलं. डिप्लोमावाला बहुतेक छोट्या सेंटरपासून सुरुवात करतो आणि अनुभवावर वर जातो. सुरुवातीच्या पगारातून खोलीचं भाडं आणि खानावळ गेली की फारसं उरत नाही, हेही त्यांनी सांगितलं. घरच्यांनी पहिल्या वर्षी पैसे येतील या हिशोबानं कर्ज काढू नये.

जाण्यायेण्याचाही विचार करा. आसनगावहून कसारा लोकलनं घाटकोपर जमतं, पण फास्ट गाडी मुलुंड-घाटकोपरला थांबेलच असं नाही, ठाण्याला उतरून स्लो पकडावी लागते. घाटकोपरहून अंधेरीला मेट्रो आहे, बोरिवली मात्र आपल्याला रोजचं नाही. मुरबाडकरांना आधी कल्याण गाठायचं. कॉलेजचे तास धरून रोज साडेतीन-चार तास प्रवासात घालवले तर प्रॅक्टिकलला उभं राहायचं त्राण राहत नाही. इंटर्नशिपमध्ये रात्रपाळी असते आणि शेवटची कसारा चुकली तर मुलीनं थांबायचं कुठं, याचं उत्तर प्रवेशाआधीच पाहिजे. होस्टेल आहे का हा प्रश्न फीच्या आधी विचारावा.

पैशाचं आणि कागदाचं

फी विचारताना ‘एकूण’ विचारा. ट्यूशन फी एक सांगतात, मग परीक्षा फी, युनिफॉर्म, प्रॅक्टिकल फी, ‘इंटर्नशिप लावून देण्याची’ फी असं निघत जातं. सगळं एका कागदावर लिहून सही-शिक्क्यानिशी घ्या. पावती संस्थेच्या नावाची घ्या. मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला प्रवेश नक्की झाल्याशिवाय कुणाच्या ताब्यात देऊ नका. एकदा कागद त्यांच्या कपाटात गेला की तुमची बोलती बंद होते. शेजारच्या गावातल्या त्या मुलाला तीन महिन्यांतच कळलं होतं की इथं काही खरं नाही, पण मूळ कागद आत अडकलेले, म्हणून वर्ष काढलं.

महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचे अर्ज भरतात हे सगळ्यांना माहीत आहे. अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, भटके-विमुक्त यांच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्त्या, खुल्या गटासाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती, होस्टेलसाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता. आदिवासी मुलांना वसतिगृह मिळालं नाही तर स्वयं योजना आहे. त्याचा दुसरा उपयोग सांगतो. त्या पोर्टलवर कॉलेजचं आणि कोर्सचं नाव येतं का ते कॉलेजवाल्यांसमोरच बघा. नाव नसेल तर शिष्यवृत्ती तर नाहीच, शिवाय का नाही हा प्रश्न उरतो. मुलींसाठी २०२४-२५ पासून सरकारनं ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना व्यावसायिक शिक्षणाचं शुल्क माफ केलंय, पण ते केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून झालेल्या प्रवेशांना. मॅनेजमेंट कोट्याला नाही. आपल्याला हवा तो कोर्स त्यात बसतो का ते त्या कॉलेजच्या कार्यालयातून लेखी घ्या, एजंटच्या तोंडी बोलण्यावर जाऊ नका.

एजंटचंही सांगतो. आपल्या तालुक्यात आता ‘करिअर मार्गदर्शक’ फिरायला लागलेत. मुलगा नेऊन दिला की संस्थेकडून त्यांना कमिशन मिळतं. त्यातला एक माझ्याही ओळखीचा निघाला. बातमीच्या नावाखाली माझ्याकडून त्या संस्थेची जाहिरात करून घ्यायची त्याची इच्छा होती. चहा पाजून परत पाठवला.

पुतणीनं शेवटी काय केलं, तर पदवीचे अर्ज तीन ठिकाणी भरलेत. पहिल्या यादीत नाव नाही आलं, दुसरी यादी लागायची आहे. नाहीच जमलं तर ज्या सरांनी करार काढून दाखवला आणि जुन्या मुलीला फोन लावून दिला, त्यांच्याकडं दोन वर्षांचा डिप्लोमा. तिथं टीएलडी बॅज मिळतो, हे तिनं स्वतः विचारून घेतलं. वहिनी अजून थोड्या नाराज आहेत, पण किरणांवरून नाही, मुंबईवरून. नॉन-क्रिमीलेअर आणि डोमिसाईलचा अर्ज सेतू केंद्रात टाकलाय. दुसरी यादी लागायच्या आत दाखले हातात आले पाहिजेत, म्हणून उद्या परत तहसीलला चक्कर आहे.